घोडेस्वाराचे लांब बूट : निवड आणि निगा

घोड्याला स्वाराची इच्छा कळते ती मुख्यतः तीन वाटांनी : बैठकीतून, लगामातून आणि पायांतून. या तिन्हींपैकी पायांचे काम फार नाजूक असते, कारण पुढे चालण्याचा, वळण्याचा किंवा आडवे पाऊल टाकण्याचा इशारा स्वार पोटरीच्या आतल्या बाजूच्या हलक्या दाबाने देत असतो आणि तो दाब घोड्याच्या बरगड्यांपर्यंत किती स्पष्टपणे पोहोचतो, हे मधल्या चामड्यावर अवलंबून असते. गुडघ्यापर्यंत येणारे लांब चामडी बूट हे म्हणूनच आधी स्वारीचे साधन आणि मग पोशाखाचा भाग आहेत. चामडे अवाजवी जाड असले तर इशारा बोथट होतो. बुटाची नळी, म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचा उभा भाग, सैल असली तर ती पोटरीभोवती फिरत राहते आणि घोड्याला नको तेव्हा स्पर्श होतो. आणि पाय उघडाच असला तर रिकिबीच्या वाद्या पोटरीची कातडी सोलून काढतात. चकाकी, किंमत आणि नाममुद्रा यांचा विचार या कसोटीनंतर यावा, असेच या बुटांच्या बाबतीत म्हणावे लागते.

बुटाच्या खालच्या अर्ध्या भागाची रचना सुरक्षिततेच्या गरजेतून घडलेली आहे. स्वाराचा चवडा रिकिबीत, म्हणजे खोगिराला वादीने लटकवलेल्या धातूच्या कडीत टेकलेला असतो, आणि पाय पुढे सरकून त्या कडीतून आरपार गेला तर पडलेल्या स्वाराला बिथरलेला घोडा फरफटत नेतो; घोडेस्वारीतील काही अत्यंत भीषण अपघात या कारणाने होतात. हे टाळण्यासाठी बुटाला सुमारे अडीच सेंटिमीटर उंचीची, सरळ उतरणारी आणि स्पष्ट कड असलेली टाच दिलेली असते, जी पायाला पुढे सरकण्यापासून अडवते. उलट तळ शक्य तितका गुळगुळीत आणि एकसंध ठेवलेला असतो, कारण पडताना पाय रिकिबीतून चटकन निसटला पाहिजे. खोल खाचांचे रबरी तळ असलेले ट्रेकिंगचे बूट कितीही भक्कम दिसले तरी ते घोड्यावर धोक्याचे ठरतात, ते यामुळेच. बूट निवडताना रिकिबीचाही विचार करावा लागतो : बुटाच्या रुंदीपेक्षा रिकीब सुमारे अडीच सेंटिमीटर अधिक रुंद असावी, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून तेवढी मोकळी जागा राहते, त्याहून अरुंद रिकिबीत बूट अडकतो आणि फार रुंद रिकिबीत अख्खा पाय आत जाण्याची भीती असते.

मराठा घोडदळाची चपळाई हलक्या सरंजामावर उभी होती आणि गुडघ्यापर्यंतचे जड बूट हा तिचा भाग नव्हता. हे बूट या भूमीत आले ते युरोपीय फौजांबरोबर. सतराव्या शतकातील युरोपीय घोडदळाचे बूट जाड, कडक आणि चिलखतासारखे होते, कारण दाटीवाटीने चाल करून जाताना शेजारच्या घोड्यांमध्ये स्वाराचे गुडघे चेंगरत असत. पुढे नेपोलियनच्या काळापर्यंत बूट हलके व पायाला बिलगणारे झाले आणि शिकारीच्या मैदानांवर आजच्या आकाराच्या जवळ जाणारी घडण स्थिरावली. ब्रिटिश अमदानीत भारतीय लष्करासाठी खोगिरे, लगाम आणि बूट बनवण्याचे मोठे केंद्र कानपूर येथे उभे राहिले, आणि खोगीर व घोड्याच्या साजासाठी ते शहर आजही जगाच्या बाजारात ओळखले जाते. महाराष्ट्रात महालक्ष्मी व पुणे येथील रेसकोर्स, तेथील रायडिंग क्लब आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील अश्वारोहणाचे शिक्षण यांमुळे लांब बुटांचा वापर टिकून आहे.

लांब बुटांचे प्रकार स्वारीच्या पद्धतीनुसार ठरले आहेत. पुढे लेस नसलेला, सरळ आणि काहीसा ताठ असा ‘ड्रेस बूट’ ड्रेसाजमध्ये वापरला जातो. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली आणि आकृत्या अचूकपणे करून घेण्याची क्रीडा. याच प्रकारात २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला यांच्या संघाने भारताला अश्वारोहणातील ४१ वर्षांनंतरचे सुवर्णपदक मिळवून दिले. या प्रकारात स्वाराचा पाय लांब सोडलेला आणि जवळजवळ सरळ असल्याने बुटाची नळी ताठ चालते, किंबहुना पाय स्थिर ठेवण्यासाठी ती तशी हवीच असते. अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या स्वाराची रिकीब आखूड बांधलेली असते आणि त्याचा घोटा बराच वाकतो. त्याच्यासाठी घोट्याच्या पुढे लेस असलेला, मऊ चामड्याचा ‘फील्ड बूट’ योग्य. पोलोचे बूट जाड आणि बहुधा तपकिरी असतात, कारण तेथे चेंडू आणि दांडू दोन्ही नडगीवर बसू शकतात. शर्यतीच्या जॉकीचे बूट मात्र अगदी पातळ असतात, कारण तेथे प्रत्येक अतिरिक्त ग्रॅम घोड्याच्या पाठीवर जातो. ते पाहून नेहमीच्या स्वारीसाठी तसेच बूट घेणे व्यर्थ आहे.

निवडीचा गाभा मापात आहे, आणि येथेच बहुतेक खरेदी फसते. साध्या बुटाला पावलाची लांबी कळली की पुरते. लांब बुटाला त्याखेरीज दोन मापे लागतात. पहिले माप पोटरीच्या सर्वांत रुंद भागाच्या घेराचे आणि दुसरे उंचीचे. उंची मोजताना खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात वाकवावा, पाऊल जमिनीवर सपाट ठेवावे आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतचे अंतर पायाच्या मागच्या बाजूने घ्यावे. ही मापे उघड्या पायावर घेऊन उपयोग नाही. स्वारीची तंग विजार, म्हणजे ब्रीचेस, आणि लांब पातळ मोजे चढवूनच ती घ्यावीत. वेळही महत्त्वाची आहे : मापे संध्याकाळी घ्यावीत, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने आणि उष्म्याने संध्याकाळपर्यंत पाय सुजतात आणि सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळच्या सरावाला चढत नाही. दोन्ही पायांची मापे स्वतंत्र घ्यावीत आणि बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा. डाव्या व उजव्या पोटरीत थोडा फरक असणे अगदी सामान्य आहे.

येथे नवख्या ग्राहकाला चमत्कारिक वाटणारी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. नवा लांब बूट वापरात आला की घोट्यापाशी त्याला आडव्या वळ्या पडतात आणि त्या वळ्यांमध्ये नळीची काही उंची खर्च होऊन बूट २ ते ४ सेंटिमीटर खाली बसतो. म्हणजे दुकानात गुडघ्याखाली अगदी आरामात बसणारा बूट काही महिन्यांत पोटरीच्या मध्यावर आल्यासारखा दिसू लागतो, त्याची कड खोगिराच्या पाखेला, म्हणजे बाजूने लोंबणाऱ्या चामड्याला, अडकू लागते, आणि तेव्हा त्यावर कोणताही उपाय उरत नाही. याउलट योग्य उंचीचा नवा बूट पहिल्या दिवशी गुडघ्याच्या मागे चावतो, चालताना टोचतो, आणि विक्रेत्याला दोष द्यावासा वाटतो. बूट उतरेपर्यंतच्या काळात टाचेखाली जाड गादी घालून पाय आतून थोडा उचलावा. वळ्या पडू लागल्या की ती काढून टाकावी. पोटरीच्या घेराचेही तसेच आहे : चामडे वापराने सैलावते, म्हणून नव्या बुटाची चेन थोड्या झटापटीनेच वर गेली पाहिजे, पण पायाला मुंग्या येत असतील किंवा चवडा आखडत असेल तर तो घट्टपणा नसून चुकीचे माप आहे. पावलाच्या भागात मात्र अशी तडजोड मुळीच करू नये, कारण तो भाग नळीइतका सैलावत नाही. शक्य असल्यास बूट घालून खोगिरावर बसून पाहावे, निदान खुर्चीवर बसून टाच खाली दाबून पाहावी. उभ्याने आरशात पाहिलेले माप स्वारीत खोटे ठरते.

मागे चेन असलेले आणि चेन नसलेले, असे दोन पर्याय बाजारात असतात. चेन नसलेला बूट वरच्या आतल्या पट्ट्यांत धातूचे आकडे अडकवून ओढून चढवावा लागतो आणि काढताना टाच पकडणारी लाकडी फळी लागते. घोट्यातून टाच पार व्हायची असल्याने त्याचा घोटा किंचित मोकळा ठेवावाच लागतो. चेनचा बूट पायाला अधिक बिलगतो आणि आज बहुतेक स्वार तोच घेतात, मात्र त्यातला सर्वांत आधी बिघडणारा भाग ती चेनच असते.

चामड्याची पारख करताना त्याची घडण थोडी माहीत असावी. जनावराच्या कातडीत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे असते. वरच्या पृष्ठभागाकडे ते तंतू बारीक आणि घट्ट विणलेले असतात, आत जावे तसे ते जाड व विरळ होतात. वरचा मूळ पृष्ठभाग न घासता तसाच ठेवला तर त्या चामड्याला ‘फुल ग्रेन’ म्हणतात, आणि चांगल्या बुटासाठी तेच हवे, कारण घट्ट विणीचा तो वरचा थर त्यात शाबूत असतो. डाग लपवण्यासाठी पृष्ठभाग घासून त्यावर रंगाचा व प्लॅस्टिकचा लेप देऊन छापील दाणे उठवलेले चामडेही विकले जाते. ते ओळखणे कठीण नाही : चामडे बोटांनी दुमडून पाहावे, अस्सल पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या उमटून हात सोडताच विरतात आणि रंध्रे असमान दिसतात, तर लेपाच्या चामड्यावर ठसठशीत घडी पडते आणि दाणे सगळीकडे एकसारखे असतात. पोटरीच्या आतल्या बाजूला झीज सोसण्यासाठी चामड्याचा दुसरा थर शिवलेला आहे का, आणि अस्तर कापडी आहे की चामडी, हेही पाहावे. घामाच्या दिवसांत चामडी अस्तर अधिक काळ टिकते.

कातडी कमावण्याच्या, म्हणजे ती कुजू नये म्हणून तिच्यावर करावयाच्या प्रक्रियेच्या दोन मुख्य पद्धती आहेत. बाभळीची साल, हिरडा, तरवड अशा वनस्पतींतील टॅनिन वापरून अनेक आठवडे चालणारी जुनी पद्धत महाराष्ट्राला कोल्हापुरी चपलेमुळे चांगली परिचित आहे, आणि त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. ती फार कमी वेळात पुरी होते आणि चामडे मऊ, पातळ व उष्णतेला अधिक टिकणारे होते. वनस्पतींनी कमावलेले चामडे घट्ट आणि आकार धरणारे असल्याने तळ, टाच आणि खोगीर यांसाठी उत्तम, तर बुटाच्या नळीसाठी बहुधा क्रोमचे चामडे वापरले जाते. कृत्रिम चामड्याविषयी स्पष्ट बोललेले बरे. कापडावर पॉलियुरेथेनचा थर देऊन केलेले बूट स्वस्त असतात आणि नवे असताना छान दिसतात, पण दमट हवेतील पाण्याच्या अंशाने त्या थराचे रासायनिक विघटन होते आणि तो पापुद्र्यांनी सुटू लागतो, मग बूट वापरा की कपाटात ठेवा. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत अशा बुटांवर फार खर्च करण्यात अर्थ नाही.

निगेची खरी सुरुवात प्रत्येक स्वारीनंतरच्या पाच मिनिटांत होते. घोड्याच्या घामात क्षारांचे प्रमाण बरेच असते आणि लॅथेरिन नावाचे साबणासारखे फेस आणणारे प्रथिनही असते; हा घाम पोटरीच्या आतल्या बाजूवर सुकला की पांढरा थर धरतो, आणि त्यातील क्षार चामड्यातला ओलावा शोषून ते कोरडे व कडक करतात. तबेल्यातील लिदीचे व मूत्राचे शिंतोडे याहून घातक, कारण त्यांतला अमोनिया शिवणीच्या धाग्यावर आणि तळाच्या जोडावर काम करत राहतो. म्हणून बूट काढल्याबरोबर पिळून घेतलेल्या ओलसर फडक्याने ते वरपासून खालपर्यंत पुसावेत, तळ आणि वरचे चामडे जोडणारी शिवण जुन्या मऊ ब्रशने साफ करावी, आणि आठवड्यातून एकदा ग्लिसरीनच्या सॅडल सोपने, म्हणजे चामड्यासाठीच बनवलेल्या सौम्य साबणाने, हात फिरवावा. साबणाला फेस येईल इतके पाणी घेऊ नये. कपडे धुण्याचा साबण आणि भांड्यांचा द्रव कधीही वापरू नये, कारण ते मळाबरोबर चामड्यातील स्निग्धांशही काढून नेतात. बूट भिजले असतील तर आत वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या भरून, त्या ओल्या होताच बदलत, सावलीत वाऱ्यावर सुकवावेत. ओले चामडे उन्हात किंवा हीटरसमोर ठेवले की त्यातील तंतू आकसून एकमेकांना चिकटतात आणि तेथे पुढे तडा जातो, तो कोणत्याही तेलाने भरून येत नाही.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे भाबडेपणा फार आहे. चामडे कोरडे वाटले की घरातले खोबरेल लावण्याची सवय बुटांचे नुकसान करते : ते खवट होते, बुरशीला खाद्य मिळते आणि नळी इतकी लिबलिबीत होते की ती घोट्यावर ढासळते. चामड्यासाठीचे नीट्सफूट तेल, जे गुरांच्या नडगीच्या हाडांपासून काढतात, तेही अति झाले तर चामडे काळवंडते आणि शिवणीचे धागे कमजोर होतात. महिन्या-दीड महिन्यातून एकदा चांगले लेदर क्रीम, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतके घेऊन पातळ पसरवणे, एवढे पोषण बहुतेक बुटांना पुरते.

पॉलिश ही यानंतरची पायरी. मेणाचे पॉलिश पातळ थरांत लावावे, प्रत्येक थर सुकू द्यावा, घोड्याच्या केसांच्या ब्रशने घासावे आणि शेवटी सुती कापडावर पाण्याचा एखादा थेंब घेऊन लहान लहान वर्तुळांत हात फिरवावा. आरशासारखी चमक येते ती या शेवटच्या चिकाटीने. इंग्लंडमधील शिकारी बुटांची निगा राखणारे जुने जाणकार यासाठी हरणाच्या नडगीचे गुळगुळीत हाड वापरत. काटेरी झुडपांतून गेलेल्या बुटावर ओरखडे उठले की ते हाड दाबून फिरवायचे, म्हणजे उचकटलेले तंतू खाली बसत आणि मेणाचा थर घट्ट होऊन ओरखडा दिसेनासा होई. गुळगुळीत चमच्याच्या पाठीने हे काम आजही बऱ्यापैकी साधते, आणि ते करून पाहण्याजोगे आहे. एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे : पोटरीच्या आतल्या बाजूला, जेथे बूट खोगिराला घासतो, तेथे रंगीत पॉलिश लावू नये. ते खोगिरावर आणि घोड्याच्या अंगावर उतरते, आणि गुळगुळीत झालेला पाय जागेवर ठरत नाही.

पावसाळा ही आपल्या प्रदेशातील खरी परीक्षा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये किनारपट्टीवरील हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि ७० टक्क्यांच्या पुढे गेले की चामड्यावर बुरशी सहज वाढते. सराव थांबला म्हणून बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. त्याऐवजी ते पूर्ण सुकवून, नळी उभी राहील असे आतून साचे किंवा जाड कागदाच्या गुंडाळ्या भरून, सुती पिशवीत, हवा खेळेल अशा जागी ठेवावेत आणि दर पंधरा दिवसांनी बाहेर काढावेत. बुरशी आलीच तर बूट घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावेत, मग निम्मे पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलका हात फिरवावा. रंग निघतो का हे आधी आतल्या कोपऱ्यावर तपासावे, आणि ते फडके पुन्हा वापरू नये.

दुरुस्तीसाठी परदेशी कारागिराची गरज नाही; चांगला मोची तळ, टाच आणि चेन तिन्ही बदलू शकतो. खरेदी करतानाच तळ शिवलेला आहे की केवळ चिकटवलेला, हे पाहून ठेवावे, कारण वरचे चामडे आणि तळ यांच्यामध्ये चामड्याची पट्टी शिवून जोडलेला तळ वारंवार बदलता येतो. बूट सोपवताना मोच्याला घोडेस्वारीची गरज समजावून सांगणे अत्यावश्यक आहे. एरवी तो चांगल्या हेतूने जाड, खाचांचा रबरी तळ लावून देतो आणि बूट टिकाऊ पण स्वारीला धोकादायक होतो. चेन चिखलाने भरलेली असताना ओढू नये. टूथब्रशने तिचे दात साफ करून त्यांवर मेणबत्ती घासावी, आणि बूट चढवताना किंवा काढताना चेन अगदी खालपर्यंत उघडावी, कारण अर्धवट उघड्या चेनमधून टाच ढकलल्यानेच ती घोट्यापाशी फाटते.

ज्यांनी स्वारी नुकतीच सुरू केली आहे आणि ज्या मुलांचे पाय अजून वाढत आहेत, त्यांनी लांब बुटांची घाई करू नये. घोट्यापर्यंतचे टाचेचे चामडी बूट आणि त्यांवर पोटरीला बांधायचे चामडी आवरण, म्हणजे हाफ चॅप्स, यांनी तीच पकड कमी खर्चात मिळते आणि वाढत्या पायाबरोबर केवळ बूट बदलावे लागतात. त्यातून वाचलेले पैसे आधी चांगल्या, प्रमाणित हेल्मेटवर खर्च करावेत. लांब बूट मांड पक्की झाल्यावर घ्यावेत, आणि घ्याल तेव्हा मापाने घ्यावेत.